प्लग काढून बघितलं का?

२ फेब्रुवारी, सोमवार

क्लासच्या मॅडमनी सांगितलं की रोज काय केलं ते लिहून ठेवत जा, म्हणजे कुठे चुकलं ते मागे जाऊन सापडतं. त्यांना म्हणायचं होतं प्रयोगांबद्दल. मी पहिल्या पानावर डायोडचं चिन्ह काढलं आणि त्याच्याखाली घरचंच लिहायला बसलो. मॅडमना हे दाखवायचं नाही.

घरचं म्हणजे हिचं. आजाराने हिच्या छातीचे स्नायू दुबळे झाले, तेव्हापासून खाटेशेजारच्या स्टुलावर श्वासाचं यंत्र असतं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला यंत्र, यंत्राला वायर आणि वायरला भिंतीतला प्लग. माझा सगळा संसार या क्रमाने त्या प्लगला लटकलेला आहे. दिवसा जागेपणी ती थोडा वेळ मास्कशिवाय काढते, जेवते, केस विंचरते. मग दमते, ओठांचा रंग बदलायला लागतो आणि मी मास्क पुढे करतो.

यंत्राच्या पोटातली बॅटरी मेली. त्या मॉडेलची बॅटरी कंपनीने बनवणंच बंद केलं आहे. नवीन यंत्राला नंबर लावला आहे, पण ते यायला उन्हाळा उजाडेल. आणि नेमकं आत्ताच वीज कंपनीने आमच्या भागातल्या केबली बदलायला काढल्या आहेत. न सांगता वीज जाते, कधी येईल ते कुणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात गेली तेव्हा यंत्र एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. हवा दाबायचा रबरी फुगा दवाखान्यातून दिलेला आहे, तो मी घरभर शोधत होतो. ही मला डोळ्यांनी खुणावत होती. फुगा माझ्या हातात होता.

म्हणून संध्याकाळचा क्लास लावला. ‘इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख’, सोमवार आणि गुरुवार. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. विजेशी माझा संबंध घासायच्या चाकाच्या बटणापुरता. वर्गातली पोरं मला काका म्हणतात आणि मॅडमही म्हणतात, कारण त्या पोरांहून फार मोठ्या नाहीत.

हिला सांगितलं तर म्हणाली, "जा की. मैदानात उतरल्याशिवाय पळता येत नाही." ही शाळेत खेळाची बाई होती. शिट्टी अजून खाटेच्या दांड्याला लटकवलेली आहे, फुंकता येत नसली तरी. हिला भीती माहीतच नाही. घरातली सगळी भीती माझ्या वाट्याला आली आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज डायोड झाला. वीज एकाच बाजूने जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. सिनेमाच्या दारावरचा माणूस जसा आत सोडतो पण त्या दाराने बाहेर सोडत नाही, तसा. मॅडमनी फळ्यावर गणित घातलं: दोन उगम, दोन डायोड, एकच भार. कुठला डायोड चालू राहील? पोरं वहीत खाली मान घालून होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याचा दाब जास्त, तो."

मॅडम खूश. मी त्यांच्याहून खूश, कारण मला फळ्यावर आमची खाट दिसत होती. एक उगम भिंतीतला अडॅप्टर, पंधरा व्होल्टचा. दुसरा बारा व्होल्टची बॅटरी. भार म्हणजे यंत्र. वीज आहे तोवर अडॅप्टरचा दाब जास्त, बॅटरी गप्प बसेल. वीज गेली की त्याच क्षणी बॅटरीचा डायोड उघडेल. मध्ये काही बदलायला नको, कुणी धावायला नको आणि मी फुगा शोधायला नको.

विचारलं, "इतकं सोपं असतं का हो?" मॅडम म्हणाल्या, "पहिल्या धड्यात डायोड आदर्श धरायचा, काका. परीक्षेत तेवढं पुरतं."

८ फेब्रुवारी, रविवार

डबा तयार झाला. प्लास्टिकचा जेवणाचा डबा, आत दोन डायोड, बाहेर तीन वायरी. सोल्डरिंग आयर्न हातात धरल्यावर मला माझं कौतुक वाटलं, कारण काचेच्या कडेला पैलू पाडायचा हात इथे कामाला आला. ही खाटेवरून बघत होती. म्हणाली, "डब्यात भाजीचा वास येतोय का?" मी म्हटलं, "तुझ्या नाकावर मास्क आहे, तुला कसला वास येतो?" यावर खूप हसली आणि मग हसल्यामुळे दमली. मी हसवायला नको होतं.

दुकानातून आणलेली मोठी बॅटरी खाटेखाली ठेवली. मीटर लावला, साडेबाराच्या थोडी वर. कागदावर हिशेब केला, सुमारे तीन तास चालायला हवी. चार्जर जुना आहे, तापतो, म्हणून मी घरी असताना, नजरेसमोरच लावायचा असं ठरवलं.

सगळं जोडलं. यंत्र चालू राहिलं. आता एकच काम उरलं होतं, भिंतीतला प्लग काढून बघायचं.

हात प्लगपर्यंत गेला. तिथेच राहिला. डायोड उलटा बसला असेल तर? सोल्डर कच्चं असेल तर? आणि मी वाकलेलो असताना हिच्या छातीला जमलं नाही तर? ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "उद्या बघू, आज बॅटरी पुरती भरलेली नाही." बॅटरी भरलेली होती. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि कपाटाच्या दाराला धरून उभा राहिलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना डब्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काका, प्लग काढून बघितलं का?"

मी हो म्हणालो. छान चाललं म्हणालो. माझ्या वयाच्या माणसाने असं खोटं बोलावं याची लाज वाटते, पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झेनर. हा डायोड उलटा जोडतात आणि तो दाब एका ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. गणित जमलं, प्रयोगात मात्र बोट भाजलं. मी भार काढून टाकला आणि वाटलं की आता सगळं थंड होईल. झालं उलटंच. भाराकडे जाणारा प्रवाहसुद्धा झेनरच्याच अंगावर आला आणि तो तापला. मॅडम म्हणाल्या, "भार गेला म्हणजे झेनरला आराम, असं सगळ्यांनाच वाटतं."

घरी आलो तर समोरच्या दारातली शिंपीण बसलेली होती. मी क्लासला किंवा दुकानात असतो तेव्हा तीच हिच्याजवळ थांबते. भली बाई आहे, पण हात कधी रिकामे नसतात आणि हात लागेल तिथे खडूची खूण. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर तिच्या खडूची एक रेघ. काच बघितली की मला राहवत नाही, धोतराचं असो की रेशमाचं, हाताला लागेल त्या फडक्याने पुसतो. पुसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

शिंपिणीच्या मनगटावर लाल ओरखडे होते, नखांचे वाटावेत असे, अर्धगोल. मी विचारलं तर म्हणाली, "मांजर." तिच्याकडे मांजर कधी बघितलं नाही. नवीन आणलं असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी चुकतं आहे. काल बॅटरी पूर्ण भरली. आज संध्याकाळी मीटर लावला तर कालच्यापेक्षा कमी. दिवसभर वीज होती, एकदाही गेली नाही. मग बॅटरीतलं गेलं कुठे?

डायोड उलट्या बाजूने गळत असेल. डबा उघडला, प्रत्येक सांधा भिंगाखाली तपासला, डायोड काढून दोन्ही बाजूंनी मोजला. निर्दोष. पुन्हा जोडला. ही म्हणाली, "सोडा हो. बॅटरीलाही वय असतं." मी म्हटलं, "आणून आठवडा झाला." ती म्हणाली, "मग लहान आहे, खेळत असेल."

हिला सगळ्याची गंमत वाटते. मला रात्री झोप लागत नाही आणि हिला डबा खेळणं वाटतो.

घड्याळाच्या काचेवर पुन्हा रेघ होती, वेगळ्या जागी. पुसली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस वाईट.

धडा होता दाबाच्या नियमनाचा. भार नसताना किती व्होल्ट, भार लावल्यावर किती, आणि दोन्हींत फरक किती. मी हात वर करून माझ्या बॅटरीचं सांगितलं, कुणी वापरत नाही तरी उतरते. मॅडमनी विचारलं, "तुम्ही मोजता कधी?" म्हटलं, संध्याकाळी. "तसं नाही काका. भार लावून मोजलं का?"

नाही. मी मोकळी बॅटरी मोजत होतो. डोळे तपासायला आलेल्या माणसाला अक्षरांचा तक्ता न दाखवताच नंबर द्यावा, तसं केलं मी. मॅडमनी गाडीचा एक दिवा दिला. घरी येऊन बॅटरीला लावला आणि मीटर बाराच्या खाली घसरला. त्यातून डायोडपायी जाणारा अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब वजा. पहिल्या धड्यात तो आदर्श होता, काही खात नव्हता. खरा डायोड खातो. आणि अकराच्या खाली गेलं की यंत्र ओरडतं, आणखी खाली गेलं की बंद पडतं, असं त्याच्या पुस्तकात लिहिलं आहे.

कागद घेऊन बसलो. तीन तासांचे सव्वा तास झाले. दहा-अकरा दिवस मी दुकानात काचा घासत होतो, हा डबा आपला पाठीराखा आहे असं समजून.

मी हिला म्हटलं, "उद्यापासून मी कामावर जात नाही. क्लास बंद. इथे बसून राहतो."

हिचा चेहरा एकदम कडक झाला, शाळेत व्हायचा तसा. श्वास घेत घेत बोलली. "तुम्ही इथे बसून... माझ्याकडे टक लावून... बघत राहणार? मी काय दूध आहे... उतू जायला?"

"अगं, तीन तास धरून चाललो होतो मी!"

"सव्वा तासाने ओरडेल. ओरडलं तर समोरची आहे. फुगा उशाशी आहे. तुम्ही क्लासला जा."

आता लिहिताना आठवलं, सव्वा तासाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. हिशेब करताना पुटपुटलो असेन. ही माझं पुटपुटणंसुद्धा ऐकत असते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फेट, म्हणजे एका प्रकारचा ट्रान्झिस्टर. नाव ऐकून वाटलं काहीतरी सोपं असेल. याला तीन पाय, सोर्स, ड्रेन आणि गेट. गेटवर नुसता दाब दिला की आतली वाट उघडते, गेटमधून प्रवाह असा जातच नाही. आणि उघडलेल्या वाटेत डायोडसारखं खाणं नाही, नावापुरतं जातं. मॅडमनीच सुचवलं, "काका, बॅटरीच्या बाजूच्या डायोडऐवजी हा लावा." अडॅप्टर चालू असेपर्यंत गेट बंद, तो गेला की उघड. मॅडम वर्ग संपल्यावर माझ्याबरोबर थांबल्या, आकृती काढून दिली.

पहिला फेट मी मारला. कसा ते कळलंही नाही. दिवसभर दुकानात काचा पुसून आलेलो, अंगात लोकरीचा स्वेटर. फेट चिमटीत धरला आणि जोडला, तर गेट ऐकेचना. ना धूर, ना वास, ना डाग. मॅडम म्हणाल्या, अंगात साठलेल्या विजेने गेला, हात लावताक्षणी. आधी नळाला हात लावायचा, मग याला.

मला हे फार मनाला लागलं. काही न करता, नुसतं काळजीने उचलून धरल्याने मेला. आणि बाहेरून बघाल तर अगदी धडधाकट.

दुसरा लावला तो स्वेटर काढून, नळ धरून, कुडकुडत. दिव्याच्या भारावर चालला. मॅडमनी टाळी वाजवली.

१ मार्च, रविवार

नवीन डबा बसवला. आता चार्जरही रोज रात्री लावतो, तापला तर तापला, शेजारी बसून राहतो.

दुपारी मी पुन्हा प्लगसमोर बसलो. गुडघ्यावर, हातात प्लग. ही म्हणाली, "काढा की."

मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "फुगा माझ्या मांडीवर आहे. बघा, दोन्ही हातांत." मी म्हटलं, हो हो. जानेवारीत वीज गेली तेव्हाचा तिचा चेहरा समोर आला, उघडं तोंड आणि त्यात न शिरणारी हवा. वर्गात मी दिव्यावर शंभरदा चाचणी घेईन. दिवा विझला तर पुन्हा लावता येतो.

म्हटलं, "आधी रात्री चार्ज होऊ दे." आणि उठलो. ही छताकडे बघत पडून होती. मग म्हणाली, "तुमच्यासारखी घाबरट पोरं मी शाळेत मल्लखांबावर चढवली आहेत." नेहमीसारखी हसली नाही मात्र.

संध्याकाळी शिंपीण आली तर तिच्या गळ्यात हिचं स्टॉपवॉच. शाळेतलं, हिने इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलेलं. मला न विचारता देऊन टाकलं. वस्तू अशा वाटायला लागणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, हा विचार डोक्यातून जाईना. मी विचारलं नाही.

४ मार्च, बुधवार

अक्षर वाकडं येतं आहे.

सकाळी दुकानात मी एका आजोबांची काच घासत होतो. चाकाचा आवाज हळूहळू खाली उतरला आणि थांबला. मालक म्हणाले, "गेली." मी काच हातातच घेऊन रस्त्यावर आलो. शेजारच्या दुकानाचा पंखा थांबलेला, पलीकडच्याचा थांबलेला, चौकातले दिवे बंद. म्हणजे आमच्या गल्लीपर्यंत सगळं गेलेलं.

फोन लावला. ही उचलेना. शिंपिणीला लावला, तीही उचलेना. मग मी पळालो. चौकात गाड्या एकमेकींत अडकलेल्या, मी त्यांच्या मधून, चपलेचा पट्टा तुटला तसा एक पाय ओढत. डोक्यात डब्यातला एकेक सांधा येत होता. गेटचा सांधा मी कुडकुडत केला होता. प्लग काढून बघितलं का, प्लग काढून बघितलं का. नाही बघितलं. एवढंसं काम. आठ फेब्रुवारीपासून एवढंसं काम माझ्याने झालं नाही आणि आता ते वीज कंपनीने केलं होतं.

जिन्यावर यंत्राचा आवाज ऐकू येतो का म्हणून थांबलो. माझ्याच धापेपुढे काही ऐकू येईना.

दार उघडं होतं. खिडकीच्या उजेडात शिंपीण खुर्चीवर बसून कुणाच्या तरी बाहीला अस्तर लावत होती. गळ्यात स्टॉपवॉच. फुगा तिच्या मांडीवर, हाताशी. आणि यंत्र आपलं रोजच्यासारखं फुसफुसत होतं. हिने मला बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. म्हणाली, "दुसरी चप्पल कुठे आहे?"

मी तिथेच जमिनीवर बसलो. मला रडू आलं. आजोबांची काच अजून मुठीत होती.

म्हटलं, "फोन का नाही उचलला?"

शिंपीण म्हणाली, "वीज गेली की फोनचं नाव काढायचं नाही, आधी फुगा आणि घड्याळ. बाईंचा नियम आहे."

"कसला नियम?"

ती हिच्याकडे बघायला लागली. ही म्हणाली, "सांगून टाक आता."

मग कळलं. नऊ फेब्रुवारीपासून, मी संध्याकाळी क्लासला गेलो की किंवा दुपारी दुकानात असलो की, ही शिंपिणीला प्लग काढायला लावते. रोज. आधी नुसतं मोजेपर्यंत, मग जास्त, एकदा तर यंत्र ओरडेपर्यंत. शिंपिणीने फुगा दाबायचा सराव उशीवर केला, मग हिच्यावर. घड्याळावरची रेघ म्हणजे काटा कुठे आल्यावर ओरडेल त्याची खूण, आणि मी ती रोज पुसत होतो. म्हणून शेवटी स्टॉपवॉच काढावं लागलं. जुना डबा सव्वा तासात ओरडतो हे हिला माझ्या दोन दिवस आधी माहीत होतं. बॅटरी तीच खेळवत होती.

"काल नव्या डब्यावर लावलं होतं," शिंपीण म्हणाली. "आमचं जेवण झालं, एक ब्लाउज बेतून झाला, बाईंचा डोळा लागला, तरी आपलं चालूच. शेवटी मीच कंटाळून प्लग लावला."

मी हिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? मी वेडा झालो होतो. डायोड गळतोय म्हणून रात्ररात्र..."

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं?"

नसतं दिलं.

"सराव न करता मी एकाही पोराला मैदानात सोडलं नाही," ती म्हणाली. "आणि स्वतःला सोडू? तुम्ही दुकानात असताना जायची ती वीज जाणारच होती."

वीज अडीच तास आली नाही. बॅटरी पुरली. मी सगळा वेळ तिथेच जमिनीवर होतो. शिंपिणीने मला दोनदा चहा दिला आणि बाईंना एवढा हिंमतवाला नवरा कसा मिळाला असं मोठ्याने विचारलं. हिला हसू आवरेना. जीव भांड्यात पडला तरी माझी भीती काही गेली नाही. उलट वाढली, कारण आता मला ठाऊक आहे की ही माझ्या पाठीमागे रोज त्या कड्यावर जाऊन उभी राहत होती आणि परत येऊन मला चहा प्यायलात का विचारत होती. आणि मला वाटत होतं हिला भीती माहीत नाही.

अजूनही तसंच वाटतं. नाहीतर इतकं कोण करेल?

५ मार्च, गुरुवार

आज दुकानात गेलो नाही, क्लासलाही नाही. मॅडमना फोन करून खरं सांगितलं. नऊ तारखेला खोटं बोललो होतो, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता तरी काढा, काका."

दुपारी शिंपीण आली तर ही तिला म्हणाली, "आज तू नको. आज हे काढतील." शिंपिणीने फुगा माझ्या हातात दिला, मग परत घेतला आणि हिच्या मांडीवर ठेवला. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं. दारापर्यंत जाऊन वळली आणि मला म्हणाली, "बाह्या खाली करून घ्या."

मला कळलं नाही. बाह्या वर केलेल्याच राहिल्या.

मी खाटेच्या कडेला बसलो. एक हात प्लगवर, दुसरा हिच्या हातात. ही म्हणाली, "हं. काढा."

मी डोळे मिटून काढला. यंत्र एकदा थबकल्यासारखं वाटलं. तेवढ्या क्षणात हिने माझं मनगट धरलं, इतक्या जोरात की माझ्या तोंडून आवाज निघाला. मग यंत्र फुसफुसलं. पुन्हा फुसफुसलं. थबकलं नव्हतंच, मलाच तसं वाटलं. मी डोळे उघडले तर हिचे मिटलेले होते, घट्ट, आणि कपाळावर घाम. हळूहळू हिची बोटं सैल झाली. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "घड्याळ चालू केलंत का?"

नव्हतं केलं.

आता ती झोपली आहे, प्लग भिंतीत आहे, यंत्र चालू आहे. माझ्या मनगटावर लाल अर्धगोल उमटले आहेत, नखांचे. शिंपिणीने मांजर कधीच पाळलं नव्हतं.

उद्याही मीच काढणार आहे. बाह्या वरच ठेवीन.